घाट बंद होता तेव्हा

महाडात गुप्त्यांच्या घरी दोन टोकांचे नवरा-बायको सुखाने नांदत होते. बाळकाकांना कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी स्कूटरला किक मारावी लागे. विनीताबाई मात्र शाळेतून घरी यायला सरळ रस्ता असूनही मुद्दाम नदीकडून वळसा घालून येत. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वर्षानुवर्षं शिफ्टा करून बाळकाकांच्या अंगात घाई भिनली होती. "रस्ता म्हणजे इथून तिथं जायची सोय. त्यात एवढं बघायचं काय असतं तुला?" असं ते विचारत. विनीताबाई हसत आणि चपला पायात सरकवत. चवदार तळ्याला एक फेरी, मग बाजारपेठेतून खाली सावित्रीकाठी, आणि दिवे लागायच्या आत परत. एवढंच त्यांचं चालणं. पण ते चुकलं की त्यांना घास गोड लागत नसे.

सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टात त्यांची लेक मैथिली भोरला बाळंत झाली. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं, पण डॉक्टरांनी तिला घाटातला प्रवास नको म्हणून बजावलं होतं. तेव्हा विनीताबाईंनीच चार दिवस आधी भोरला जायचं ठरलं. सामान बांधून तयार होतं. आणि पावसाने असा काही जोर धरला की वरंधा घाटात दरड कोसळली. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या रस्त्यावरही माती खाली आली. दोन्ही घाट बंद. नेमका त्याच संध्याकाळी रुचिरचा, जावयाचा, फोन आला.

"आई, मुलगी झाली! तारखेच्या आधीच झाली, पण दोघी छान आहेत. मैथिली सारखी विचारतेय, आई कधी येणार म्हणून."

विनीताबाईंनी फोन ठेवला, देवापुढे साखर ठेवली आणि तडक एसटी स्टँड गाठला. कंट्रोलरने मान हलवली. "पनवेलवरून पुणं आणि पुण्याहून भोर. आज निघालात तर उद्या पोचाल. तसं इकडून वरंधपर्यंत गाडी जातेय. भोरची गाडीही पलीकडून शिरगावपर्यंत येतेय. मधला घाट तेवढा बंद. माणसं चालत जातात-येतात, पण गाडी नाही."

त्याने घाट बंद आहे म्हणून सांगितलं. विनीताबाईंच्या कानात मात्र 'मधला घाट तेवढा' एवढंच राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी बेत सांगितला तेव्हा बाळकाकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना? घाट आहे तो. तुझी सावित्रीकाठची फेरी नव्हे."

"घाट असला म्हणून काय झालं? रस्ताच आहे तो. सकाळी निघाले तर संध्याकाळी नात मांडीवर असेल माझ्या."

"आणि सामान? ते डिंकाचे लाडू, बाळंतविडा, दुपटी?"

"ते तुम्ही घेऊन या. पनवेलवरून."

"म्हणजे हमाली मी करायची आणि हवा तू खायची," असं म्हणून बाळकाका हसले, आणि भांडण तिथेच मिटलं. फक्त एक अट त्यांनी घातली. वरंधला कोणी सोबत मिळाली तरच पुढे जायचं, नाहीतर परतीची गाडी धरायची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने त्या निघाल्या. खांद्याला पिशवी, त्यात पोळीभाजीचा डबा नि एक लुगडं, हातात छत्री. बिरवाडीला कामगारांनी भरलेली गाडी रिकामी झाली आणि वरंधला उतरेपर्यंत आत मोजकीच माणसं उरली.

स्टॉपवरच्या पत्र्याखाली एक बाई टोपली खाली ठेवून उभी होती. काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ. टोपलीतून एका कोंबडीने मान बाहेर काढून विनीताबाईंकडे तिरकं बघितलं.

"कुठं जाताव, बाय?" त्या बाईने विचारलं.

"भोरला. लेक बाळंत झालीय."

"आन् चालत?" तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सोबत कोन हाय?"

"तुम्ही," विनीताबाई म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही.

बाई खळखळून हसली. "चला तर मग. मी पन शिरगावच्या अंगाला चाललेय. भैन हाय माजी तिकडं, ठमाबाय. बैल बुजला नि पाय मोडून बसलीय. तिला बघून येते."

तिचं नाव चंद्रभागा. घाटाच्या पायथ्याच्या माझेरीच्या वरच्या अंगाला एका वाडीत ती राहत होती, बहिणीसाठी सुकट घ्यायला खाली वरंधपर्यंत आली होती. नवरा सहदेव मुंबईला गोदीत कामाला. घरची भातशेती आणि गुरं तीच बघायची.

माझेरी मागे पडलं आणि चढ लागला. या घाटातून विनीताबाई किती वेळा गेल्या होत्या! पण दर वेळी गाडी लागायची म्हणून नाकाशी लिंबू धरून, डोळे गच्च मिटून. वळणं त्यांना पोटात कळायची, डोळ्यांना कधी दिसली नव्हती. आज रस्त्यावर एकही गाडी नव्हती. हॉर्न नव्हता, धूर नव्हता. होतं ते नुसतं पाणी. कड्यावरून पडणारं, गटारातून पळणारं, दगडाआडून झिरपणारं. प्रत्येकाचा आवाज वेगळा. डांबरावरून खेकडे आपल्याच तोऱ्यात तिरके चालले होते. कठड्यापलीकडे उतारभर तेरडा फुलला होता. विनीताबाई थांबत, बघत, पुन्हा चालायला लागत.

"काय बघताव एवडं?" चंद्रभागेने विचारलं.

"छान वाटतंय. तुम्हाला नाही वाटत? चालायला मजा येते ना?"

"मजा?" चंद्रभागा थांबली. "बाय, माज्या पायांना असं कोनी कदी इचारलं नाय. लाकडं आनायची तर चालायचं, पानी आनायचं तर चालायचं, भाताचा भारा आनायचा तर चालायचं. मला इचाराल तर यष्टीत खिडकीपाशी जागा मिळाली पायजे. ती मजा."

विनीताबाईंनी तिच्या डोक्यावरच्या टोपलीकडे बघितलं. आपलं चालणं हौसेचं, हिचं पोटापाण्याचं. मग म्हणाल्या, "आणा ती टोपली इकडे. थोडा वेळ मी घेते."

"तुमाला नाय जमायचं, बाय. तांदूळ हायेत, सुकट हाय, वर ही कोंबडी."

"जमेल तेवढं जमेल."

पुष्कळ आढेवेढे झाले, पण विनीताबाई म्हणजे तीस वर्षं मुलींचे वर्ग सांभाळलेली बाई. अखेर चुंबळ त्यांच्या डोक्यावर आली, वर टोपली आली, आणि कोंबडीने निषेधाचा सूर काढला. छत्री मिटून पिशवीत खोवून, दोन्ही हातांनी टोपली घट्ट धरून, मान ताठ ठेवून त्या निघाल्या. मानेपासून कमरेपर्यंत एक कळ उतरत गेली. आता त्यांना समोरचा रस्ता तेवढा दिसत होता. तेरडाही नाही आणि धबधबेही नाहीत.

पुढे चंद्रभागा चालत होती. तिचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. आधी तिने ते छातीशी बांधले, मग पाठीमागे घेतले, मग पदराशी चाळा केला. मध्येच वळून ती हसत म्हणाली, "बाय, हातांचं काय करू गो मी?"

"सोडून द्या मोकळे!"

तिने सोडले. हात हलायला लागले आणि पायांनी त्यांचा ताल पकडला. पुढच्या वळणावर ती एकाएकी थबकली आणि मान मागे टाकून वर बघत राहिली. ढग जरा हटले होते आणि डोक्यावर काळा कडा सरळसोट उभा होता. त्याच्या माथ्यावरून पाण्याची एक पांढरी दोरी वाऱ्याने हेलकावत होती.

"अगो बाय," ती हळूच म्हणाली. "पोर होते तवापासनं या वाटंनं येतेय, पन हे एवडं वर हाय ते बगितलंच नाय कदी. डोक्यावर ओजं असलं की मान वर कशी व्हायची?"

तिच्या तोंडावर पावसाचे थेंब पडत होते आणि ती ते पुसत नव्हती. विनीताबाईंची मान भरून आली होती, पण त्या क्षणी टोपली खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या.

दरड आली ती जागा माथ्याच्या अलीकडेच होती. अख्खा रस्ता लाल चिखलाने आणि दगडांनी बुजला होता. बांधकाम खात्याची माणसं फावडी घेऊन कामाला लागली होती. रामजी नावाच्या मुकादमाने हात वर करून दोघींना थांबवलं. वरून बारीक दगड येत होते. ते थांबेपर्यंत दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, डब्यातली पोळी अर्धी अर्धी खाल्ली. मग रामजीने खूण केली आणि चंद्रभागेने टोपली परत आपल्या डोक्यावर घेतली. कामगारांनी हातात हात धरून साखळी केली आणि दोघींना हातोहात पलीकडे न्यायला सुरुवात केली.

निम्म्यावर विनीताबाईंचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. त्यांनी ओढला तसा तो आणखी रुतला. खाली दरीकडे नजर गेली. बाळकाकांचं ऐकायला हवं होतं, असं पहिल्यांदाच मनात आलं.

"खाली बगू नका, मावशी. माज्याकडं बगा," रामजी म्हणाला. त्याने एक फळी चिखलावर टाकली, त्यांना दंडाला धरलं आणि एका हिसक्यात वर काढलं. पाय आला, चप्पल तिथेच राहिली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी दुसरीही काढून फेकून दिली. मागून चंद्रभागा टोपली डोक्यावर घेऊन, कोणाचा हात न धरता आली, आणि चिखल संपल्यावर मात्र मटकन बसली. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, ते हसू थांबेना.

वाघजाईच्या देवळाजवळ चांगूची भज्यांची टपरी उघडी होती. गिऱ्हाईक नव्हतंच, पण कामगारांसाठी तो चहा करत होता. विनीताबाईंचे अनवाणी पाय बघून त्याने आत जाऊन स्वतःच्या रबरी चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"अहो, मग तुम्ही?"

"मी हितंच बसलेला असतो. परत या वाटंनं याल तवा आना. नाय आल्या तरी काय नाय."

चपला दोन बोटं मोठ्या होत्या आणि चालताना फटाफट वाजत होत्या, पण विनीताबाईंना त्या घालून फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. कांदाभज्यांची वाफ, हातात चहाचा कप, आणि समोर अचानक फाटलेले ढग. खाली कोकण दिसत होतं. हिरव्याच्या किती छटा, मध्ये चमकणारी नदी, भातखाचरांचे तुकडे, आणि कुठल्याशा वाडीतून सरळ वर येणारा धूर. आपण तिथून इथवर पायांनी आलो. त्यांनी वाकून आपल्याच पोटऱ्यांवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग कोणी बघितलं की काय म्हणून ओशाळल्या. चंद्रभागेने बघितलं होतं. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि तिनेही तसंच केलं.

ठमाबाईचं घर शिरगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत होतं. भोरच्या गाडीला अवकाश होता म्हणून विनीताबाईही चंद्रभागेबरोबर गेल्या. ओटीवर बाजेवर ठमाबाई बसली होती. पायाला प्लास्टर, हातात निवडायचे तांदूळ. बहिणीला बघून तिचे डोळे भरले. रडून झालं, कोंबडी सोडून झाली, गुळाचा चहा झाला. मग ठमाबाई विनीताबाईंकडे वळून म्हणाली, "तुमी घाटानं आल्याव ना? मला सांगा."

"काय सांगू?"

"वाट सांगा. पार माझेरीपासनं. नागपंचमीला माहेरला जाते मी. औंदा नाय जमलं. हितं बसून बसून जीव कसाकसा होतोय. पऱ्याला पानी हाय का? त्या मोठ्या वळनावर उंबर हाय, तो हाय का पडला?"

विनीताबाई सांगू लागल्या. आधी अडखळत, मग रंगून. उंबर आहे, त्याच्या बुंध्याला शेवाळ धरलंय. पऱ्याचा ओढा रस्त्यावरून वाहतोय, घोट्याएवढा. खेकडे असे चालले होते. तेरडा कुठपासून सुरू होतो आणि कुठे संपतो. कड्यावरची पांढरी दोरी. ठमाबाई डोळे मिटून ऐकत होती आणि प्लास्टरबाहेर आलेली तिची बोटं हलत होती. मध्येच चंद्रभागा म्हणाली, "आगो, मी हात हलवत आले, रिकामे!" आणि ठमाबाईने डोळे उघडून तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ती विमानातून आली होती.

सकाळपासून जे मिळालं ते विनीताबाईंनी गृहीत धरलं होतं, पाऊल उचलावं आणि पुढे टाकावं इतकं सोपं. समोरची बाई त्यातल्या एकेका पावलासाठी आसुसली होती. निघताना त्यांनी ठमाबाईचा हात हातात घेतला. "पाय बरा झाला की एकदा तिघी मिळून जाऊ," त्या म्हणाल्या. हे बोलायचं म्हणून बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी भोरला त्या पोचल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं आणि पायात परक्या माणसाच्या चपला होत्या. मैथिली हसली आणि रडली. न्हाऊन, लुगडं बदलून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. दुपट्यातून दोन पावलं बाहेर आली, गुलाबी आणि सुरकुतलेली, अजून जमिनीला न लागलेली. त्यांनी ती नुसती तळहातावर धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पिशव्या नि एक पेटी ओढत, प्रवासाने आंबून गेलेले बाळकाका दारात आले आणि नातीच्या आधी बायकोकडे बघून म्हणाले, "पोचलीस?" त्या एका शब्दात रात्रभराची काळजी होती. नातीचं नाव ओवी ठेवलं.

घाट सुरू झाल्यावर परतीच्या वाटेवर त्यांनी चांगूच्या चपला परत केल्या. आणि थंडीत, ठमाबाई चालायला लागल्यावर, तिघी खरोखर निघाल्या. चंद्रभागेने सासूला खरं सांगितलंच नाही. नुसतं चालायला जाते म्हटलं असतं तर वाडीने वेड्यात काढलं असतं. म्हणून शिवथरघळीला दर्शनाला जाते म्हणाली, आणि तेही अगदीच खोटं नको म्हणून तिघी घळीपर्यंत जाऊन आल्या. पुढच्या वर्षी पायथ्यापासून रायगड झाला. त्याच्या पुढच्या वर्षी पोलादपूरच्या बाजूने जुन्या पायवाटेने प्रतापगड. हळूहळू वाडीतल्या आणखी दोघी यायला लागल्या, आणि मग कोणी कारण विचारेनासं झालं. चंद्रभागा आता कॅनव्हासचे बूट घालते. पहिल्या दिवशी तिने ते वाडीबाहेर येऊन घातले होते.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात विनीताबाई एका गटाबरोबर उत्तरांचलात गेल्या. साठी जवळ आली होती. बर्फ बघितलं, देवदारांखाली तंबूत झोपल्या, एका खिंडीत श्वास पुरेना तेव्हा एकेक पाऊल मोजून टाकलं. सांगण्यासारखं इतकं साठलं होतं की महाडला उतरल्या तेव्हा त्या नुसत्या फुटायच्या बेतात होत्या.

पण बाळकाकांनी त्यांना चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. "चल," ते म्हणाले. "तुला एक दाखवायचंय. उन्हं उतरायच्या आत गेलं पाहिजे."

त्यांनी पायात चपला घातल्या आणि पुढे चालायलाच लागले. विनीताबाई बघत राहिल्या. बायको नाही, चहाला कोणी नाही, घर खायला उठलं म्हणून ते एका संध्याकाळी बाहेर पडले होते आणि मग रोज पडत होते, हे विनीताबाईंना वाटेत कळलं. कोणाच्या कुंपणावर मधुमालती आहे, कोणत्या आळीत तिन्हीसांजेला पेटी वाजते, लोहाराच्या दुकानामागून नदीकडे एक बोळ उतरतो, सगळं ते सांगत होते. "इतकी वर्षं राहिलो इथं, आणि हे माहीतच नव्हतं मला." विनीताबाईंच्या ओठांवर बर्फाची गोष्ट आली होती, ती त्यांनी गिळली. तिला घाई नव्हती.

गांधारी नदीच्या काठाशी एका वळणावर बाळकाका उकिडवे बसले आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. समोरच्या मातीच्या कड्यात एक बीळ होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग निळ्या पंखांचा एक खंड्या पाण्यावरून तीरासारखा आला, चोचीत चमकता मासा, आणि सरळ त्या बिळात शिरला. आतून पिल्लांचा चिवचिवाट उठला.

"बघितलंस?" बाळकाका कुजबुजले.

"बघितलं," विनीताबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी दगडावर टेकल्या. खंड्या पुन्हा बाहेर आला. आता तो परत कधी येतो, याची वाट बघत दोघं बसून राहिले.